शिट्टीबाईंच्या काळजातली झडप

मी एक जुनी झडप आहे. दाराची नव्हे हं मित्रांनो, हृदयाची! रक्ताला पुढे सोडायचं, मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. ते मी कधीही सुट्टी न घेता केलं.

माझ्या मालकीणबाई शाळेत खेळ शिकवतात. मुलं त्यांना शिट्टीबाई म्हणतात. लहानपणी त्यांचा घसा सुजला होता. जरा बरं वाटताच औषध अर्धवट राहिलं. पुढे ताप आला, सांधे सुजले आणि त्या आजारानं मला कायमचं जखमी केलं. माझ्या काही बहिणी जन्मतःच अधू असतात, काही म्हातारपणी कडक होतात, तर काही सैल पडून गळू लागतात. मी मात्र आखडत गेले, पुरती उघडेनाच.

बाईंना धाप लागू लागली. दुसरं कुणी असतं तर डॉक्टरांकडे गेलं असतं. पण या पडल्या खेळाच्या बाई! "सराव कमी पडतोय," म्हणत त्यांनी मैदानाच्या फेऱ्या वाढवल्या. मला अगदी रडू यायचं. माझ्या चिंचोळ्या फटीमागे रक्त तुंबायचं. आडवं झालं की बाईंचा श्वास कोंडायचा, मग त्या उशीला टेकून बसून राहायच्या.

शेवटी लेकीनं त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं. छातीला नळी लावून डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिले. ठोक्यांमधली घरघर माझीच होती. मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढला. पडद्यावर मी पहिल्यांदाच कुणाला तरी दिसले.

"झडप बदलावी लागेल. उशीर केला तर जिवावर बेतेल," डॉक्टर म्हणाले.

"शाळेच्या स्पर्धा होऊ द्या, मग बघू," बाई म्हणाल्या.

"आई, मैदानात एखादं पोर धापा टाकत बसलं, तर तू त्याला पळवतेस?"

"छे गं! आधी सावलीत बसवते."

"मग स्वतःला का पळवतेस?" लेकीनं विचारलं. बाईंनी तिचा हात घट्ट धरला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "ठरवा तारीख."

आज ती तारीख आहे. मित्रांनो, घशाचं औषध अर्धवट सोडू नका. धापा टाकणाऱ्याला आळशी म्हणू नका, स्वतःलाही नका. थोड्याच वेळात माझ्या जागी नवी झडप बसेल. वाईट वाटतंय, खोटं कशाला बोलू? पण बाई गं, मी जाते. तू मात्र राहा.