पुढचं वाक्य कुणाचं?

आमच्या कचेरीत कायद्यांचे मसुदे लिहितात आणि प्रत्येक मसुद्यामागे एक चोर नेमतात. हसू नका, खरंच! कलम वाचायचं आणि त्यातून पळवाट काढून दाखवायची, हे चोराचं काम. यंत्रबुद्धीवरच्या कायद्याला मुख्य बाईंनी मला चोर केलं. "तुमच्याइतकं वाकड्यात शिरणारं दुसरं आहे कोण इथे?" म्हणाल्या.

कलम साधं होतं. कोणत्याही यंत्राने जिवंत माणसाच्या आवाजात बोलू नये. वाचून मला बाबाच आठवले. घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज गेला, तेव्हा धाकट्या भावाने जुन्या रेकॉर्डिंगवरून त्यांना एक यंत्र करून दिलं. बाबा दोन शब्द टाइप करतात, यंत्र पुढचं सुचवतं, बाबा बटण दाबतात की त्यांच्याच आवाजात अख्खं वाक्य ऐकू येतं. हे कलम पास झालं की बाबा मुके!

"माणसाची संमती असेल तर चालेल, एवढं घाला," मी म्हटलं.

"घालते. पण आता त्या संमतीतूनच चोरी करून दाखवा," बाई म्हणाल्या.

मलाही राहवेना. संमती असताना यंत्र चोरणार तरी काय? घरी आल्यावर मी बाबांच्या यंत्रातली सुचवण्याची सोय बंद केली आणि विचारलं, "बाबा, माझं काम तुम्हाला कसं वाटतं?" एरवी यावर ठरलेलं उत्तर यायचं, "तुझा फार अभिमान वाटतो गं."

बाबा एकेक अक्षर शोधत बसले. चहा निवून गेला. मग त्यांचा आवाज आला, "काम चांगलं. तू सारखी चिडतेस. काळजी वाटते."

"आणि अभिमान?"

पुन्हा टकटक. "ते यंत्राने सुचवलं. तू खूश झालीस. मग तेच दाबत राहिलो."

म्हणजे इतके दिवस ते मेलं यंत्र मला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होतं, आणि बाबांची काळजी माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती!

दुसऱ्या दिवशी बाईंना हे सांगायला गेले खरी. पण बाईंनी संमतीची सूटच काढून टाकली तर बाबांचं काय? तरी चोरी पकडल्यावर गप्प कसं बसायचं?

"मग करायचं काय?" बाईंनी विचारलं.

"सूट ठेवा. माणसाने लिहिलेलं त्याच्या आवाजात, यंत्राने जोडलेलं परक्या आवाजात. ऐकणाऱ्याला फरक कळू दे."

"आणि हे तुमच्या बाबांना चालेल?"

ते मलाही बघायचं होतं. भावाने यंत्र तसं बदललं. जेवताना बाबांनी "भाजी" एवढंच टाइप करून बटण दाबलं. "भाजी" बाबा म्हणाले, आणि "फारच रुचकर झाली आहे" असं कुणी तिऱ्हाईत म्हणालं. बाबा चमकले. पुन्हा दाबून ऐकलं. मग त्यांनी स्वतःच सुचवणं बंद केलं आणि एका बोटाने टाइप करायला लागले.

आम्ही ताटकळलो.

"मीठ कमी आहे का?" आईने विचारलं.

"तिखट झाली असेल," भाऊ म्हणाला.

"अगं, त्यांना वाढ आधी," मी म्हटलं.

बाबांनी हात वर केला. लिहिलेलं सगळं खोडलं, नव्याने टाइप केलं, आणि त्यांचा आवाज घरभर घुमला, "गप्प बसा सगळे. मी बोलतोय."

आम्ही गप्प बसलो.