पहिली चव

लिपुओ लग्न होऊन खाली सखल मुलखात गेली आणि तिच्या सासरहून बोहालीची, म्हणजे वधूमूल्याची, तांबडी गाय वर डोंगरात माझ्या दारी आली. लेक दिली, गाय मिळाली. घरात मात्र मी एकटीच.

थंडी सरत होती. गवत वाळलेलं, कुरणात हिरवं काय ते फक्त तीले. आमची गुरं त्या विषारी पात्याला तोंड लावत नाहीत. खालच्या गुरांना ते ठाऊक नसतं.

"मे मालिपुओ, पाहुणीला सोडायच्या आधी तीलेचा रस पाजा," लिपुओची आई म्हणून मला हाक मारत शेजारचे न्ताते सेआबाता म्हणाले. "थोडासाच. पोट बिघडेल, कण्हेल, मग जन्मात त्या पानाकडे बघणार नाही. आणि नुसताच पाजा हं!"

"नुसता? किती कडू लागेल तिला!"

"लागू दे की! तिचा बाप्तिस्मा थोडाच आहे, लाड करायला?"

सकाळची जपमाळ आटोपून मी पानं ठेचली. पण हात धजेना. ज्वारीची आंबील होती, लिपुओ आणि मी एकाच वाडग्यातून खायचो ती. तांबडीनं ती कधी चाखली नव्हती. रस त्या आंबिलीतच कालवला. तिनं वाडगं चाटूनपुसून साफ केलं, माझं मनगटही चाटलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्या हातचं खाल्लं!

मग ती आजारी पडली. शुक्रवार नसूनही मी उपास धरला, तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. बरी झाल्यावर स्वच्छ आंबील पुढे केली, तर फुरफुरत भिंतीपर्यंत मागे सरली. आणि कुरणात नेली, तर थेट तीलेवर! न्तातेंनी काठी घालून तिला हाकललं.

"कशातून दिलंत?"

"आंबिलीतून."

"म्हणजे तिच्या लेखी आंबीलच विषारी ठरली! माझी बायको गेल्यापासून माझा कुत्राही माझ्या स्वयंपाकाला असाच मागे सरतो." ते हसले. "पुन्हा पाजावं लागेल, मे. नुसताच."

पाजला. ती पुन्हा कण्हली, पुन्हा उठली. कुरणात तीले हुंगून तिनं तोंड फिरवलं आणि वाळक्या गवताकडे गेली. मी क्रुसाची खूण केली.

तांबडी वाचली. संध्याकाळची जपमाळ झाली की मी अजूनही दोघींपुरती आंबील करते. गोठ्याच्या दगडी भिंतीपाशी, वास तिच्याकडे जाणार नाही अशा बाजूला बसते, आणि सगळी एकटीच संपवते.