तू गेलीस तर

कुकरची शिट्टी होण्याआधीच सासऱ्यांनी गॅस बंद केला. बाहेरच्या खोलीत सुनेचा कोरियनचा क्लास चालू होता आणि त्यांना एकही शब्द चुकवायचा नव्हता. ते पडद्याआड येऊन उभे राहिले.

“‘जर’ शोधत बसू नका,” सून सांगत होती. “इथे ‘तर’ क्रियापदाच्या शेपटीलाच चिकटतो. गा म्हणजे जा. गाम्यॉन, म्हणजे गेलं तर. चला, एकेकाने वाक्य करा.”

मुलं डोकी खाजवू लागली. सासऱ्यांच्या ओठांवर मात्र वाक्य तयार होतं. आधीच्या तुकडीला हाच धडा चालू असताना त्यांनी ते आतून ऐकून जुळवलं होतं, आणि भाजी चिरताना कित्येक दिवस तेच घोकत होते.

मागे तिला कोरियातल्या एका कंपनीत दुभाष्याचं काम चालून आलं होतं. मुलगा तयार होता. आडवे आले ते हेच. “सून परदेशी आणि सासरा भांडी घासतोय! लोक शेण घालतील तोंडात.” ती वाद न घालता आत निघून गेली, आणि यांना आपण जिंकलो असं वाटलं. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटायची. कंपनी पुन्हा माणूस शोधतेय, हे त्यांच्या कानावर आलं होतं.

ओले हात पुसत ते पडद्याबाहेर आले.

“मी करू एक?”

आणि अडखळत, पण न चुकता, त्यांनी कोरियनमध्ये सांगितलं: तू गेलीस तर घर मी सांभाळेन.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सुनेच्या हातातला खडू तसाच राहिला.

“बरोबर आहे, बाबा.”

“नुसतं वाक्य नाही गं,” ते पुटपुटले. “या वेळी अर्ज कर.”

“ती जागा हिला मिळाली.” तिने पुढच्या खुर्चीत बसून नवख्यांच्या वह्या तपासणाऱ्या आपल्या जुन्या विद्यार्थिनीकडे बोट केलं. “नाव मीच सुचवलं होतं.”

मुलगी खुलली. “मी जाणार म्हणून आमच्याकडे नुसती रडारड चाललीय, काका. मॅडम, असे सासरे मिळायला नशीब लागतं, नाही?”

सासऱ्यांना वाटलं, सांगून टाकावं सुनेने सगळ्यांसमोर, की मागे मीच आडवा आलो होतो. ऐकून घेऊ.

“लागतं ना,” सून म्हणाली. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही. “बाबा, पुढच्या आठवड्यापासून हिची खुर्ची रिकामी होतेय. बसत जा.”