बाईंची टोपली आणि माझी धडधड

मी शिलाई मशीनच्या शेजारचा कॉम्प्युटर बोलतोय. जरा हळू बोलतो, रागावू नका. घाईघाईने काही करायला गेलो की माझी डिस्क कटकट आवाज करते, आणि तो आवाज ऐकला की माझं पाणी पाणी होतं. स्वभावच मेला घाबरट. पंखा जरा जोरात फिरला तरी मला वाटतं, झालं, भरले आपले दिवस!

माझा जन्म एका दुकानाच्या काउंटरवर झाला. डबा एकीकडून आला, मदरबोर्ड दुसरीकडून, डिस्क तिसरीकडून. मला जोडत होते तेव्हा समोर तीन माणसं हुज्जत घालत होती. एक बाई, म्हणजे माझ्या मालकीणबाई, घरी शिवणकाम करणाऱ्या. दुसरी त्यांची लेक, हातात वहीचं फाडलेलं पान घेऊन आलेली. आणि तिसरे बाईंचे दीर. त्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मत मात्र ठाम होतं.

"वहिनी, घ्यायचाच तर सगळ्यात भारी घ्या. हा बघा, आतून लाल-निळा उजेड मारतो."

"काका, आईला शिवायचंय, नाचायचं नाहीये," लेक म्हणाली आणि तिने पान वाचायला सुरुवात केली. प्रोसेसर मधला चालेल. मेमरी आत्ता कमी असू दे, पण पुढे वाढवायला एक खाच रिकामी पाहिजे. पॉवर सप्लाय मात्र बिननावाचा नको, तो बिघडला की सगळ्यांना घेऊन जातो. वाचवायचं ते डब्याच्या दिखाव्यावर. स्क्रीन मोठा आणि डोळ्यांना सोसवेल असा, कारण आईचे डोळे दिवसभर सुईच्या नाकात असतात. कीबोर्ड बाईंनी स्वतः दाबून पाहिला, कापडाचा पोत बघतात तसा, दोन बोटांनी.

दुकानदार म्हणाला, "बाकीचे प्रोग्रॅम मी टाकून देतो, सगळे महागातले. विकत घ्यायची गरज नाही."

"म्हणजे चोरीचे," लेक म्हणाली. "नकोत. लिहायला आणि चित्रं काढायला चांगले मोफत प्रोग्रॅम आहेत. बनवणाऱ्यांनी राजीखुशीने दिलेत, कुणाची चोरी नाही."

"फुकट ते पौष्टिक!" दीर हसले. मला मात्र हायसं वाटलं. चोरीचा माल पोटात घेऊन आयुष्यभर झोप लागली नसती मला.

अशा रीतीने मी या खोलीत आलो. खिडकीशी टेबल, त्यावर मी, डाव्या हाताला शिलाई मशीन, भिंतीला कपड्यांचा दांडा आणि टेबलाखाली वेताची एक मोठी टोपली. तिच्यापायीच पुढचं रामायण घडलं, म्हणून तिच्याविषयी आधी सांगतो.

बाई कुणाचेही कपडे शिवत नाहीत. ज्यांना दुकानातला तयार कपडा बसत नाही, त्यांचे शिवतात. कुणाच्या पाठीला बाक, कुणाचा एक हात आखूड, कुणी दिवसभर चाकांच्या खुर्चीत. अशा प्रत्येकासाठी कागदाचं वेगळं कटिंग काढावं लागतं. बाईंची जुनी शिस्त अशी की शिवून झालेला कपडा दांड्यावर आणि पुन्हा लागणारं कटिंग टेबलाखालच्या टोपलीत. टोपलीतलं कुणी हलवायचं नाही. नवऱ्यालासुद्धा ती मुभा नव्हती म्हणे, तो हयात होता तेव्हा.

लेकीने त्यांना माझ्यावर कटिंग काढायला शिकवलं. पहिलं चित्र तयार झालं आणि बाईंनी माझ्या स्क्रीनवर नजर फिरवली. कोपऱ्यात एक टोपली दिसली. बाईंचा चेहरा खुलला. "अगंबाई, इथेही आहे की!" त्यांनी चित्र अलगद उचललं आणि त्या टोपलीत ठेवलं.

अहो, ती कचऱ्याची टोपली होती!

लेक तेव्हा आत चहा करत होती. तिने पाहिलं नाही आणि मला तोंड नाही. मी जे आहे ते दाखवू शकतो, पण आपणहून सांगू काही शकत नाही. पुढे अकरा वर्षं हेच चाललं. कटिंग लागलं की बाई टोपली उघडायच्या, 'परत ठेवा' दाबायच्या, काम करायच्या आणि संध्याकाळी इमानेइतबारे पुन्हा टोपलीत. आणि मी अकरा वर्षं जीव मुठीत धरून. कारण माझी ती टोपली काठोकाठ भरली की तळातलं आपोआप नाहीसं होतं. बाईंची चित्रं हलकी, म्हणून निभावलं. तरी एकेक चित्र आत पडलं की मी मोजायचो, अजून किती जागा उरली, अजून किती.

त्या चित्रांत एक घड्याळजींचं होतं. घड्याळजी म्हणजे मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. आजारपणाने अंथरुणाला खिळला. त्याला सदरा घालायचा म्हणजे उठवायचं, हात वर करायचे, आणि त्या प्रत्येक हालचालीला तो कळवळायचा. बाईंनी त्याच्यासाठी खांद्यावरून आणि बगलेतून उघडणारा सदरा बेतला. त्याला न उठवता बायकोने नुसता गुंडाळावा असा. पाठीखाली एकही शिवण यायला नको होती. सात वेळा चुकलं. सातही वेळा त्याला कुशीवर वळवावं लागलं आणि सातही वेळा बाई घरी येऊन न जेवता बसल्या. आठव्या वेळी जमलं. ते आठवं कटिंग माझ्या टोपलीत होतं, दुसरं कुठेच नाही.

दरम्यान मी म्हातारा झालो. सुरू व्हायला इतका वेळ लावायचो की बाई तेवढ्यात चार बटणं लावून घ्यायच्या. माझ्या सिस्टीमला नव्या दुरुस्त्या पाठवणाऱ्या कंपनीनेही हात वर केले. दीर म्हणाले, "भंगारात काढा आता!"

पण लेक म्हणाली, "काका, याचं हाड मजबूत आहे. ती रिकामी खाच आहे ना, तिच्यात मेमरी घालू आणि लिनक्स नावाची नवी सिस्टीम टाकू. मोफत आहे, हलकी आहे, जुन्या यंत्रावर छान पळते."

त्यासाठी तिने फुंकरमामांना बोलावलं. हे कॉम्प्युटर दुरुस्त करणारे. काहीही बिघडलेलं असो, आधी एक जोराची फुंकर मारल्याशिवाय ते बोलत नाहीत, म्हणून हे नाव. रविवारी सकाळी ते आले, मला उघडलं, फुंकर मारली, स्वतःच शिंकले आणि नवी मेमरी बसवली. बाई नेमक्या कापड आणायला गेल्या होत्या. दोन दिवसांपूर्वीच घड्याळजींची बायको येऊन सांगून गेली होती, जुने सदरे विरले, तसेच दोन पाहिजेत.

लेक शहाणी. नव्या सिस्टीमसाठी डिस्क पुसण्याआधी सगळ्याची नक्कल काढत होती. आईची पत्रं घेतली, फोटो घेतले, समोर दिसतं ते सगळं घेतलं. मी एकेक देत होतो आणि मनात ओरडत होतो, टोपली, अगं बाई, टोपली! आणि तिने टोपली उघडली. माझा जीव भांड्यात पडणार, इतक्यात ती म्हणाली, "बापरे, आईने अकरा वर्षांत एकदाही कचरा काढला नाही!"

मी विचारलं. मला विचारता येतं असा तो एकच प्रश्न: 'हे कायमचं काढून टाकायचं का?' माणसं हा प्रश्न वाचत नाहीत. बोट आधीच 'हो'वर असतं.

टोपली रिकामी झाली.

आता एक सांगतो, आमच्यात काढून टाकलेलं लगेच मरत नाही. आधी फक्त यादीतलं नाव जातं, माल जागच्या जागी असतो. पण त्यावर नवं काही लिहिलं की संपलं. फुंकरमामांनी लिनक्सचा पेनड्राइव्ह लावला. थोड्या वेळाने पडद्यावर प्रश्न आला: पूर्ण डिस्क पुसायची का? लेकीने माऊस हातात घेतला. दारात चपला वाजल्या. बाई आल्या, काखेत मऊ सुती कापडाचं पुडकं.

"टोपलीतलं काढून घेतलंस ना गं?"

लेकीने टेबलाखाली पाहिलं. "ती इथेच तर आहे, आई."

"ती नव्हे. कॉम्प्युटरातली. माझी सगळी कटिंगं असतात ती."

"आई... ती कचऱ्याची असते. मी रिकामी केली."

"कचऱ्याची?" बाईंनी पुडकं खाली ठेवलं. "अगं, कचरा मी टेबलावर कशाला ठेवीन?"

फुंकरमामा ओरडले, "हात काढ! माऊसवरचा हात काढ आधी!" आणि त्यांनी माझी वायरच उपटली. त्या अंधाराइतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

तीन दिवस मी त्यांच्या दुकानात होतो. पुसलेलं शोधून काढणारा एक मोफत प्रोग्रॅम असतो, तो त्यांनी माझ्या डिस्कवर फिरवला. चित्रं परत आली, पण बिननावाची. नुसते आकडे. काही अर्धवट, काही उघडेचनात. नवी सिस्टीम घालून मला घरी आणलं आणि बाई समोर बसल्या. लेक एकेक उघडत होती.

"हा उतरता डावा खांदा... पोस्टातल्या बाईंचा. ही लहान बाही, मास्तरांच्या नातीची. हा बाक बघ, हे बेकरीवाले. हयात नाहीत आता. असू दे, ठेव."

चेहरा एकही नव्हता. बाई नुसत्या रेघांवरून माणसं ओळखत होत्या. लेक रडत होती आणि नावं टाइप करत होती. दोनशे झाली, तीनशे झाली, घड्याळजी येईनात. बाईंचा हात नव्या कापडावरून फिरत राहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "पुन्हा नाही गं वळवायचं त्याला. मला नाही जमणार." शेवटून नववी फाइल उघडली. बगलेतून उघडणारा, पाठीला शिवण नसलेला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. दोन्ही सदरे त्याच आठवड्यात गेले.

आता माझ्या पडद्यावर वेताच्या टोपलीचं चित्र असलेला एक कप्पा आहे. लेकीने केलाय. कचऱ्याची टोपली तिने पडद्यावरून काढूनच टाकली. मी पळतोही बरा. दीर परवा म्हणाले, "मी म्हटलंच होतं, फुकट ते पौष्टिक!"

मग धडधड कशाची, म्हणाल. मला घरी पोचवून जाताना फुंकरमामा मला कान लावून बसले होते. म्हणाले, "मेमरी नवी, सिस्टीम नवी, पण डिस्क तीच जुनी आहे. कटकट ऐकू येतेय ना? कधीही बंद पडेल. सगळ्याची दुसरी प्रत काढा. आजच." लेकीने दुसऱ्याच दिवशी बाहेरून जोडायची नवी डिस्क आणली. ती खणात आहे, इलॅस्टिकच्या गुंडाळीखाली, वेष्टनही फोडलेलं नाही. "आता सगळं परत आलंय ना आई, रविवारी निवांत करते," ती म्हणाली होती. त्यानंतर दोन रविवार गेले. एकदा पाहुणे आले, एकदा ती दमली होती.

काल घड्याळजींची बायको पुन्हा येऊन गेली. थंडीसाठी जाड कापडाचा एक पाहिजे म्हणाली. बाई म्हणाल्या, "काळजी करू नका, कटिंग आहे माझ्याकडे."

हो, आहे. आत्ता या घडीला आहे. तुमच्यापैकी कुणी त्या लेकीला ओळखत असेल तर तिला एवढा निरोप द्या, खण उघड म्हणावं. आज गुरुवार आहे, आणि सकाळपासून माझी कटकट थांबलेली नाही.