मी रिकाम्या हातानं गेलो

मी देवीच्या लशीतला विषाणू बोलतोय. घाबरू नका. ज्या देवीनं गावंच्या गावं ओस पाडली, ती मी नव्हे. तिचं माझं नातं लांबचं. मला धड जिवंत म्हणता येत नाही आणि मेलेलाही म्हणता येत नाही. माणसाच्या पेशीत शिरायचं आणि तिच्याकडून आपली कामं करून घ्यायची, एवढी एकच कला मला येते. फुकट्या पाहुणा म्हणा हवं तर.

माझा जन्म एका वासराच्या कातडीवर झाला. तिथून मला खरवडलं, वाळवलं, काचेच्या कुपीत बंद केलं आणि एकोणऐंशी साली सोलापूरच्या एका दवाखान्यातल्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं. देवीचा रोग तोवर देशातून गेला होता, तरी तान्ह्या मुलांना टोचणं सुरूच होतं. रोगच उरला नाही तर आपण कशाला उरलो, असं मला तेव्हाही वाटायचं.

तो फ्रिज रक्त तपासायच्या खोलीत होता. तिथं धर्मपाल कामाला होता. त्याची सहा वर्षांची मुलगी, विशाखा, पहिल्यापासून पांढरीफटक. तिच्या अंगाला लाल रक्त नीट बनवताच येत नव्हतं. महिन्याच्या महिन्याला दुसऱ्याचं रक्त चढवायचं, की ती थोडे दिवस खेळायची, मग पुन्हा भिंतीला टेकून बसायची. रोज दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्याच्या घरात हे यावं, याचं मला फार वाईट वाटे.

एका दुपारी धर्मपाल फ्रिज उघडून उभा असताना डॉक्टर चन्नप्पा एक परदेशी मासिक घेऊन आले.

"धर्मपाल, हे ऐक की. तिकडं सशाच्या रक्ताचा जीन एका विषाणूत घातला. विषाणूनं तो माकडाच्या पेशीत नेला, आणि त्या पेशी सशाच्या रक्तातलं प्रथिन बनवायला लागल्या."

"माणसाचा जीन पण नेईल काय, साहेब?"

"नेईल की. पण आधी काचेच्या बशीतल्या पेशींत. आजारी माणसापर्यंत यायला लई वर्षं लागतील."

माझ्या जातीतल्या कुणाला तरी ओझं वाहायचं मानाचं काम मिळालं होतं. फ्रिजच्या गारठ्यातही मला बरं वाटलं.

धर्मपालनं ही बातमी घरी आपल्या आईला, भीमाबाईला, सांगितली. 'लई वर्षं' हेही सांगितलं असणार. पण माणसं जीव टांगणीला लागला की हवं तेवढंच ऐकतात.

पुढच्या आठवड्यात देवी टोचणारा त्यांच्या वस्तीत गेला आणि दोन टोकांच्या सुईवरून मी विशाखाच्या तान्ह्या बहिणीच्या दंडात उतरलो. विशाखाला मात्र कुणी कधी टोचलं नव्हतं. आजारी मुलीला नको, म्हणून सोडलेली. लवकरच बाळीच्या दंडावर टपोरा फोड आला. धर्मपालला त्या दिवसांत हिवतापाच्या तपासणीसाठी लांब केम गावाला पाठवलं होतं. सून सकाळीच गिरणीत गेली होती. भीमाबाईनं सुई विस्तवावर धरली आणि विशाखाला जवळ ओढलं.

"माझ्या आईच्या वक्ताला ह्या लेकराच्या फोडातलं पानी काढून त्या लेकराला लावायचे. तशीच टोचायचे देवी. तुजा बा म्हनला, त्यो किडा रगताचं बी घिऊन जातो. बाळीचं रगत चांगलं हाय. तिचं बी तुला आनंल."

"मंग नळी न्हाय की लावायची, आज्जी?"

"न्हाय गं माजी बाय."

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. बाळीचं काहीही माझ्याबरोबर नव्हतं. कुणी घातल्याशिवाय मी काही नेत नाही. मी विशाखाच्या दंडात गेलो तो रिकाम्या हातानं.

लस लागली. दंड लाल झाला, ताप चढला, आणि त्या तापानं विशाखाचे गाल रंगले. भीमाबाई दारात उभी राहून शेजारच्या नागम्माला सांगत होती, "बघ की, गालावर रगत आलं." धर्मपाल जाताना सांगून गेला होता, सोमवारी पोरीला दवाखान्यात न्या, डॉक्टर रक्त चढवतील. सोमवार आला आणि गेला. घरचं रक्त बनायला लागल्यावर दुसऱ्याचं कशाला, असं भीमाबाईनं सुनेलाही पटवलं.

ताप उतरला तसा गालांचा रंगही उतरला. धर्मपाल परतला तेव्हा पोर धापा टाकत होती. तिला खांद्यावर टाकून तो पळत गेला. रक्ताची बाटली टांगली, पण ती अर्धीही संपली नाही.

दहाव्याला सगळे पांगल्यावर भीमाबाईनं विचारलं, "धर्मा, खरं सांग. त्यानं बाळीचं रगत नेलंच न्हवतं काय?"

धर्मपाल रक्त तपासणारा माणूस. त्याला सगळं ठाऊक होतं. आईच्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, "नेलं हुतं, आये. पोचायला जरा उशीर झाला."

भीमाबाई त्या दिवशी पहिल्यांदा जेवली.

आता मी बाळीच्या दंडावरून गळलेल्या खपलीत आहे. ती खपली भीमाबाईनं फडक्यात बांधून चंचीत ठेवली आहे. वाळलेला मी पुष्कळ दिवस टिकतो. नागम्माचं लेकरू अलीकडे पांढरं दिसतं. काल भीमाबाई तिला म्हणाली, "भिऊ नगं. ह्या टायमाला बिगीनं टोचू, मंजी पोचंल."

मोठमोठ्या प्रयोगशाळांतल्या माणसांनो, कधीतरी माझ्याही हातात खरंच काही द्या. मी इमानानं नेईन. पण तोवर मी रिकामा आहे, हे कुणीतरी भीमाबाईला सांगा. ते सांगू शकेल असा त्या घरात एकच माणूस आहे, आणि तो रोज तिच्यासमोर मान खाली घालून जेवतो.