धाकटीचा डोळा

तनुजा आणि प्रेरणा या देवगाव रंगारीच्या सख्ख्या बहिणी मुकुंदवाडीतल्या एकाच घरात दिलेल्या, त्यामुळे जावाही होत्या. दोघींचं दुखणंही एकच. बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढं आलेलं. कुठलाच चष्मा धड लागू पडत नसे. रिक्षाचा नंबर दोघी एकमेकींना विचारत आणि दोघींनाही तो वाचता आला नाही की खदखदून हसत.

यंदा तपासणीत डॉक्टरांनी थोरल्या तनुजाला सांगितलं, "तुमचं बुबुळ फारच पातळ झालंय. कडी पेलणार नाही." धाकटीच्या बुबुळात मात्र ऑपरेशन करून नखाच्या कोरीसारखी, बुबुळाचा आकार सावरणारी पारदर्शक कडी बसवली. तेव्हापासून तनुजाला एकच गोष्ट खुपत होती. जिला कडेवर घेऊन वाढवलं, ती आता आपल्याला मागं टाकून जाणार!

प्रेरणा भेदरलेली, म्हणून पुढच्या सूचना सोबत गेलेल्या तनुजानंच ऐकल्या होत्या: सुरुवातीला धुरकट दिसेल, नजर कमीजास्त होत राहील, स्थिरावायला काही महिने लागतील, चष्मा कदाचित तरीही लागेल, डोळा चोळायचा नाही, दाबायचा नाही. धाकटीच्या डोळ्यात औषधाचे थेंब ती न चुकता घालत होती. चोळू नकोस, हेही बजावलं होतं. धुरकटपणाबद्दल मात्र तिनं अवाक्षर काढलं नव्हतं.

एका सकाळी प्रेरणा रडकुंडीला आली. "ताई, समदं धुरकटच हाय गं. वाया गेलं का आपरेशन?"

"मला काय ठाऊक?" तनुजा म्हणाली, आणि म्हणताना तिला बरं वाटलं.

सासूबाई, भामाबाई, पुढं सरसावल्या. "रडून डोळं सुजवू नको. इकडं ये." त्यांनी पदराचा बोळा केला, तोंडाशी धरून त्यात ऊन ऊन फुंकर घातली. या घरात डोळ्याचं प्रत्येक दुखणं असंच दाबून शेकलं जाई. प्रेरणानं लेकरासारखा चेहरा वर केला.

तनुजा बघत राहिली. तिला काही करावंच लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की झालं.

बोळा पापणीला टेकणार, तोच तिनं सासूचं मनगट धरलं.

"आत्याबाई, दाबू नका! कडी सरकंल."

"अगं व्हय, पर हात तर सोड. मोडतीस का म्हातारीला?"

"अन् धुरकट दिसणारच," प्रेरणाकडं न बघता तनुजा म्हणाली. "डॉक्टर बोलले व्हते. लई दिवस लागत्यात."

"तुला पहिल्यापास्नं ठाऊक व्हतं?"

"व्हय."

"अन् माझी झोप उडाली, ती बघत बसलीस?"

तनुजानं साबणानं हात धुतले, थेंबांची बाटली उचलली. प्रेरणा मान मागं टाकून म्हणाली, "घाल. पर आज बोलू नको माझ्याशी."