कॉलर, कफ आणि उंदीर

माझं शाळा पास झाल्याचं प्रमाणपत्र मीच कापलं. दुसऱ्या कुणी नाही, ह्या हातांनी, ह्याच कात्रीनं. लग्नानंतर शर्ट शिवायचं पहिलंच काम आलं, नमुना कापायला घरात जाड कागद नव्हता, आणि सासूबाई म्हणाल्या, "तुझा तो शाळेचा कागद आहे की! तो काय चाटायचाय?" मला आला राग. रागात कापला. पण कॉलर अशी काही बसली, की तीस वर्षं गिऱ्हाईक दारातून हटलं नाही.

आता मुलींच्या शाळेत शिवणाच्या बाई हव्यात. मला ती जागा हवी म्हणजे हवी. मशीन चालवून चालवून गुडघ्यांची वाट लागलीय. पण शाळा म्हणते, शुक्रवारपर्यंत प्रमाणपत्र दाखवा. म्हणून बुधवारी सुनेला घेऊन परीक्षेच्या कचेरीत गेले.

खिडकीतल्या कारकुनानं माझ्या पिशवीतले तुकडे मांडून पाहिले. कॉलरीवर माझं नाव, कफावर नंबर, खिशावर शिक्का.

"खराब कसं झालं?" त्यानं अर्जावर बोट ठेवलं. "आग, पाणी, वाळवी, उंदीर. यातलं एक लिहा."

"मी कापलं."

"मुद्दाम कापलं तर नवी प्रत मिळत नाही. उंदीर लिहा ना, मावशी."

"लिहा, आई," सून कानाशी लागली. "उंदराचं काय जातंय?"

"अगं, उंदीर कफ कापेल? तोही काजाची खूण करून?"

तरी पेन घेतलं. जागा जाईल ही भीती होतीच, खोटं कशाला बोलू. 'उं' लिहिलं आणि डोकंच फिरलं. ज्या कॉलरीवर घर चाललं, तिचं श्रेय त्या मेल्या उंदराला देऊ? खोडलं आणि लिहिलं, 'मी कापलं. पोटासाठी.'

कारकून कपाळाला हात लावून अर्ज आत घेऊन गेला.

"घातलीत जागा पाण्यात!" सून म्हणाली.

थोड्या वेळानं आतल्या साहेबबाईच बाहेर आल्या. त्यांनी कॉलर उलटीसुलटी करून पाहिली.

"कुणी सांगितलं कापायला?"

"सासूबाईंनी. पण कात्री माझी."

"यादीत सासू नाही हो," कारकून हसला. बाई हसल्या नाहीत.

"माझ्या प्रमाणपत्रानं आमच्याकडे बारा वर्षं पिठाचा डबा झाकला," त्या म्हणाल्या. "अर्जात मी वाळवी लिहिली." आणि माझ्या अर्जावर त्यांनी ठसठशीत सही केली. "उद्या संध्याकाळी नवी प्रत घेऊन जा."

माझे डोळे भरून आले. कारकुनानं अर्जावर शिक्का मारला. त्याच्या मागच्या कपाटात जुन्या अर्जांचा हा ढीग.

"त्यातले उंदीर-वाळवीवाले बायकांचे किती?" मी विचारलं.

त्यानं मागं वळून पाहिलं. "जवळजवळ सगळेच, मावशी."